संमती विचारतात, पण कशाला?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित झाली की निम्मा निकाल तिथेच लागतो’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. रहिवाशांच्या संमतीशिवाय वीटही हलत नाही, आणि असलं वाचून लोक पक्क्या घराला मुकतात, असं तुमचं म्हणणं.

एक चूक आधी कबूल करतो. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ मुळे घोषित वस्तीतल्या भाडेकरूला सक्षम प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, लेखी परवानगीशिवाय घराबाहेर काढता येत नाही. हे मी लिहायलाच हवं होतं.

संमतीचं मात्र तसं नाही. ती मागतात पुनर्वसनाच्या योजनेला. आपली वस्ती झोपडपट्टी आहे का, हे कोणी रहिवाशांना विचारत नाही. कलम ४ मध्ये उजेड, हवा, ओल, सांडपाणी, अरुंद गल्ल्या असे निकष आहेत. प्राधिकाऱ्याची खात्री पटली की राजपत्रात अधिसूचना निघते. याच निकषांनी बघायचं तर जुना कोळीवाडाही त्यात बसतो, म्हणून तर मुंबईतले कोळी ‘आमची गावठाणं झोपडपट्टीत धरू नका’ म्हणून भांडत आलेत. पुढे झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेला पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१. पण हे ५१ टक्के कोणाचे? योजनेची हद्द आखली, तिच्या आतल्यांचे. शेजारची एक गल्ली आत घेतली की सगळा हिशोब फिरतो. धारावीत तर संमतीची अटच ठेवलेली नाही.

घोषणेवर अपील करता येतं, ३० दिवसांत. आता ते कसं होतं बघा. भांडुपला मावशीच्या चाळीत नोटीस नळाशेजारच्या भिंतीवर चिकटवली होती. जुलै महिना, खालचा कोपरा पावसाने सुटून लोंबत होता. आत नुसते सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेतले जागेचे क्रमांक. मावशी विचारते, “यातला आपला कुठला रे?” तिला पत्ता माहीत तो ‘टाकीमागची गल्ली’. प्रॉपर्टी कार्ड काढून नंबर जुळवेपर्यंत मुदत उलटून गेली होती. मावशीला पक्कं घर नको होतं असं नाही. आपण आत आहोत की बाहेर, एवढंच तिला वेळेत कळायला हवं होतं.

येत्या रविवारी तुमच्या वस्तीची सभा आहे, असं तुम्ही लिहिलंय. संमतीपत्रावर सही करण्याआधी हद्दीचा नकाशा मागून घ्या, आणि तो गल्ल्यांच्या नावांनिशी सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा.