अकरा रुपयांसाठी कोण मरतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या मराठी शिपायांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की ही पोरं महिना अकरा रुपयांसाठी इंग्रजाला विकली गेली, आणि त्यांच्या मरणाला मान देणं म्हणजे १९१५ साली लाहोरला फासावर गेलेल्या क्रांतिकारक विष्णू गणेश पिंगळ्यांचा अपमान आहे. तुमचा राग मला समजतो. पण 'विकली गेली' हे मला मुळीच मान्य नाही.

आधी पैशाचं बघू. शिपायाचा पगार अकरा रुपये होता, हे खरं. ठाण्यावर असताना त्यातूनच शिध्याचे पैसेही जायचे. मोफत शिधा १९१७ साली सुरू झाला. मुंबईच्या गिरणीत साध्या कामगारालाही याहून कमी मिळत नव्हतं. नुसता पैसाच बघायचा असता तर रत्नागिरीच्या पोराला बोटीत बसून मुंबईला उतरणं सोपं होतं. तिथे गाववाल्यांची खोली होती, खानावळ होती, आणि गोळी लागायची भीती नव्हती. तरीही कित्येक जण पलटणीत गेले. का गेले?

बाप किंवा चुलता त्याच पलटणीत होता म्हणून. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले होते आणि धाकट्याच्या वाट्याला काही उरत नव्हतं म्हणून. पेन्शनवर आलेल्या सुभेदाराला चावडीत बसायला जागा मिळते, तलाठी त्याच्याशी नीट बोलतो, हे लहानपणापासून पाहिलं होतं म्हणून. सुट्टीवर आलेला हवालदार परत जाताना गावातली दोन-चार पोरं बरोबर घेऊन जायचा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. अशा गावात अठरा वर्षांच्या पोरापुढे इंग्रज की स्वराज्य असा प्रश्न कुणी ठेवलाच नव्हता. एकदा भरती झाल्यावर खाल्ल्या मिठाला जागायचं, बरोबरच्या गाववाल्याला सोडून पळायचं नाही, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. याला इमान विकणं म्हणायचं असेल तर इमान राखणं कशाला म्हणणार?

तुमच्या प्रतिक्रियेत महार शिपायांचा उल्लेखही नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. भरती करून घ्या, अशी मागणी ही माणसं वर्षानुवर्षं करत होती. पलटण म्हणजे अंगावर वर्दी, हातात बंदूक, आणि मुलांना पलटणीच्या शाळेत शिक्षण. गावात सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या घरात बाबासाहेब वाढले. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा सरकारने दार उघडलं आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली, १९२१ पर्यंत ती मोडलीही. तेव्हा भरती झालेल्या तरुणाला 'विकला गेला' म्हणायची माझी तरी जीभ उचलत नाही. फसवणूक झाली ती त्याची.

भरतीला पाठिंबा देणं म्हणजेच देशद्रोह असेल, तर १९१८ सालचं काय करायचं? गांधीजी खेड्याखेड्यांत फिरून खेडा जिल्ह्यात भरतीचा प्रचार करत होते. टिळकांनी हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदं मिळण्याची हमी मागितली, तशी हमी मिळाली तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो म्हणाले, आणि त्यासाठी गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेकही पाठवला. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण पलटणीत जाणं आणि देशाचं हित यांत वैरच असतं, असं त्या दोघांनाही वाटलं नाही.

तुमच्या बोलण्यातला एक भाग मात्र मी पूर्ण मानतो: सगळेच आपखुशीने गेले, असं नाही. शेवटच्या दोन वर्षांत पंजाबात भरतीसाठी जी जबरदस्ती झाली ती उघड आहे. आणि ज्यांनी मनापासून नाव दिलं त्यांनाही आपण टायग्रिसच्या काठी जाणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजांच्या हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पुढे टायग्रिसकाठच्या कुट गावात तिला तुर्की फौजेचा वेढा पडला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने हे शिपाई उपाशीपोटी लढले. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून हाकत नेलं, त्यात आणि पुढच्या वेठबिगारीत हजारो मेले. नंतर बसऱ्याला स्मारक झालं, तर त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि बहुतेक हिंदी शिपायांचा मात्र पलटणीमागे नुसता आकडा. ज्या सरकारसाठी ते मेले त्याने नाव लिहायचेही कष्ट घेतले नाहीत. आपणही त्यांना 'भाडोत्री' म्हणून मोकळं व्हायचं?

आता पिंगळ्यांबद्दल. तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण अमेरिकेतून गदरचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड उभारू पाहणाऱ्या तिथल्या हिंदी लोकांच्या संघटनेचं, काम घेऊन परत आला, आणि मार्च १९१५ मध्ये पकडला गेला तो मेरठच्या छावणीत, रिसाल्याच्या शिपायांमध्ये, बाँब जवळ असताना. बंडासाठी माणसं शोधायला तो पलटणींतच गेला होता. जिवावर उदार होऊन त्याने ज्यांच्यावर भरवसा ठेवला, ते हेच अकरा रुपयेवाले शिपाई होते. त्यांना आपलं मानलं, तर त्यात पिंगळ्यांचा अपमान कसा होतो, हे तुम्हीच मला सांगा.