ग्रीक चांदीचं नाणं लाखाच्या खाली मिळत नाही? कोण म्हणतं!

खरं प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं लाखाच्या खाली मिळत नाही. स्वस्तात मिळालं तर ते नकलीच. तपासायचं असेल तर चुंबक लावा, फरशीवर वाजवून पाहा, घासून चमकवा. नाण्यांची आवड असलेल्यांमध्ये हा सल्ला फॉरवर्ड होत असतो. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

आधी किंमत. जुनं ते दुर्मीळ, हा हिशेबच चुकतो. इराणी सम्राटांचे खजिने हाती आल्यावर अलेक्झांडरने ती चांदी नाण्यांत उतरवली. इ.स.पू. 323 मध्ये तो गेला, तरी आजच्या तुर्कस्तानातल्या लॅम्प्साकस, कोलोफोन, सार्डिस, मिलेटस इथल्या टांकसाळी त्याच्याच नावाने द्राख्मे, म्हणजे चांदीची नाणी, पाडत राहिल्या. सैन्याची देणी चुकवायची होती, त्यामुळे नाणी मुबलक निघाली. झिजलेला पण ओळखू येणारा द्राख्मा परदेशातल्या लिलावांत साधारण शंभर-दोनशे डॉलरला जातो. युबिया बेटावरच्या हिस्टिआयाचं चार ओबोलांचं (सहा ओबोलांचा एक द्राख्मा) नाणं किंवा थ्रेसमधल्या खेर्सोनेसोसचा अर्धा द्राख्मा बहुधा त्याहून कमीत मिळतो. लाखांचे आकडे सिसिलीतल्या सिराक्यूजच्या दशद्राख्मासारख्या (दहा द्राख्म्यांच्या) नाण्यांचे असतात. पेपरात बातमी त्यांचीच येते, म्हणून सगळ्यांना तेवढंच ठाऊक.

त्याच सल्ल्याला जोडून एक ठेवणीतलं वाक्य येतं: या द्राख्म्यावर अलेक्झांडरचा चेहरा असतो. नसतो. सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला तो ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस आहे. मागच्या बाजूला आसनावर बसलेला देवराज झ्यूस, हातावर गरुड, आणि शेजारी अलेक्झांडरचं नाव. मेंढ्याची शिंगं असलेला अलेक्झांडर त्याच्याच एका सेनापतीने, लिसिमाखसने, आपल्या नाण्यांवर आणला, तोही नंतर. विक्रेता हेराक्लीसला अलेक्झांडर म्हणून खपवत असेल, तर त्याच्या बाकीच्या माहितीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

‘ग्रीक वाचता येत नसेल तर या फंदात पडू नका’ हेही ऐकू येतं. खेर्सोनेसोसचं नाणं बघा. पुढे मान मागे वळवलेला सिंह, तोही अर्धाच. मागे खोलगट चौकोन, त्याचे चार भाग, दोन उथळ आणि दोन खोल. त्यांत एखादा ठिपका, एखादं अक्षर, द्राक्षांचा घड. एवढ्यावर ओळख पटते. वजन सव्वादोन ते अडीच ग्रॅम. सराफाकडे असतो तसा दोन दशांश स्थळं दाखवणारा काटा मात्र हवा.

‘स्वस्त नाण्याची नक्कल कोण करणार?’ हा उलटा भ्रम जास्त महागात पडतो. काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेंब्रिया या शहरांची दोन-ओबोलांची नाणी 1988 मध्ये ढिगाने बाजारात आली. चिमुकली, सव्वा ग्रॅमच्या आसपासची. ती नकली ठरली. ओतीवही नव्हती, नव्या डायने (छाप उठवायच्या ठशाने) चक्क ठोकलेली होती. ओतीव नाण्याच्या कडेवर दिसते तशी सांधरेषा शोधणाऱ्याला तिथे काहीच सापडलं नसतं. डाय एकमेकांशी ताडून पाहिले आणि घडणावळीतला फरक टिपला, तेव्हा ती पकडली गेली.

ओतीव नकलेला पकडायचा रस्ता सोपा आहे. प्राचीन चकती हातोड्याने एकेक ठोकलेली असते. एकाच डायच्या दोन नाण्यांत चित्र तेच असेल, पण कडेची चीर, छापाचं एका बाजूला सरकणं, पोचा, हे सगळं दोन्हींत सारखंच असेल तर समजा, एकाच नाण्यावरून दोन्ही ओतलीत. विकत घेण्याआधी त्याच प्रकारच्या जितक्या नाण्यांचे फोटो मिळतील तितके शेजारी ठेवून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

चुंबकाने लोखंड, निकेल असे मोजकेच धातू कळतात. तांबं, शिसं, कथील तिथे बिनबोभाट पास. तांब्यावर चांदी चढवलेली नाणी तर त्या काळातच होत होती. तीही चुंबकाला चिकटत नाहीत, काट्यावर हलकी भरतात. अलेक्झांडरचा द्राख्मा 4.3 ग्रॅमच्या जागी 3.2 भरला तर शंका घ्या. वाजवून पाहणं मात्र बंदच करा. इतकी वर्षं मातीत राहिलेली चांदी ठिसूळ होते. आत चीर असलेलं खरं नाणं बद्द वाजेल, किंवा फरशीवर दोन तुकडे होतील. घासण्याबद्दल एवढंच, की ज्या पृष्ठभागावरून परीक्षा करायची तोच घासून निघतो.

‘आपला आणि ग्रीक नाण्यांचा काय संबंध’ हे तर सोडूनच द्या. वायव्य भारतातला ग्रीक राजा मिनँडर, त्याच्या अडीच ग्रॅमच्या द्राख्म्यावर एका बाजूला ग्रीक आणि दुसरीकडे खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रातरस मेनंद्रस’ असतं. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर नाणी निघाली, ती नहपान क्षत्रपाची. त्यांच्यावरही ग्रीक अक्षरं आहेत, आणि बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने वरून आपला छाप मारलेला.

कायदा त्या सल्ल्यात कुठेच नसतो. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. व्यापाराला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही. शेतात सापडलं आणि किंमत दहा रुपयांवर असेल, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुर्कस्तानात फिरायला गेलात आणि कुणी अवशेषांच्या आडोशाला नाणं पुढे केलं, तर हातही लावू नका. तिथून असं नाणं बाहेर नेताना सापडलात तर तुरुंग आहे. बाकी कुठेही घेताना पावती मागा आणि नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं हे त्यावर लिहून घ्या.