कामावर हात गेला तर केस ठोकायची की भरपाई घ्यायची?

कारखान्यातल्या अपघाताची बातमी कुणी शेअर केली की खाली हमखास लोक लिहितात, मालकावर केस ठोका, कोटी रुपये मागा, सोडू नका त्याला. राग शंभर टक्के बरोबर आहे. पण आपल्याकडे हे कसं चालतं ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि ज्याचा हात मशिनमध्ये गेलाय त्याला तर सगळ्यात कमी माहीत असतं. मी भोसरी-चाकणकडच्या छोट्या युनिट्सची पगारपत्रकं आणि पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याचे कागद करतो, प्रेस शॉप बरेच, म्हणजे मशिनने पत्रा दाबून-कापून पार्ट काढणारे, त्यामुळे हे प्रकार जवळून बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रस्ते दोन आहेत. एक, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा, ज्याला वकील टॉर्ट म्हणतात. दुसरा, १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्यात कमिशनरसमोर, म्हणजे या भरपाईच्या केस ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, अर्ज करायचा, आता तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण सांगाडा तोच आहे. आणि दोन्हीकडे जाता येत नाही. कमिशनरकडे गेलात की त्याच अपघातासाठी मालकावर दिवाणी दावा बंद, दिवाणीत गेलात की कमिशनर बंद.

दिवाणीत पैसे जास्त मिळू शकतात, कारण तिथे वेदना, पुढचं आयुष्य, खरा पगार सगळं मोजता येतं. पण आधी मालकाची चूक सिद्ध करायची, आणि ती कामगारानेच करायची. कोण साक्ष देणार? शेजारच्या मशिनवरचा पोरगा ठेकेदाराकडे आहे, उद्या त्याला गेटवरूनच परत पाठवतील. मशिनवरचा काढून ठेवलेला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जागेवर बसवलेला असतो, हात मध्ये आला की मशिन थांबवणारा सेन्सर चालू असतो, आणि मग म्हणतात मशिन तर ठणठणीत आहे, याचंच लक्ष नव्हतं. वर वकिलाची फी, कोर्ट फी आणि तारखा. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाकडच्या पोऱ्याने असा दावा केला होता, गाडीत जास्त माल भरलेला, गाडी मोडली, पोऱ्या जखमी. कोर्टाने मालकाला जबाबदार धरलंच नाही, आणि त्या निकालातूनच पुढे नियम उभा राहिला की सोबतच्या कामगाराच्या चुकीला मालक जबाबदार नाही. आपल्याकडे हा बचाव काढून टाकायला १९३८ चा कायदा यावा लागला. म्हणजे शंभर वर्षं.

म्हणून भरपाईचा कायदा आला तेव्हा तो खरोखर मोठी गोष्ट होती, हे मी मनापासून म्हणतो. तिथे चूक कुणाची हे विचारतच नाहीत. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. कामगार दारू प्यायला होता किंवा त्याने मुद्दाम गार्ड काढला असं मालक म्हणू शकतो, पण मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हेही चालत नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ कंपनीकडे मागता येतं. सत्तरच्या दशकात सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराची केस आली होती, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेला. कुठला अवयव गेला की कमाई किती टक्के गेली असं धरायचं याचं कायद्यात कोष्टक आहे, त्याप्रमाणे मोजलं तर ती टक्केवारी शंभर येत नाही, पण कोर्ट म्हणालं एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे याची कमाई शंभर टक्के गेली. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो कारण त्यात नुसती हाडं मोजली नाहीत, माणसाचं काम बघितलं.

मग माझी तक्रार काय? तक्रार आकड्यांची आहे.

कायद्याच्या बदल्यात कामगाराने काय सोडलं, तर पूर्ण रक्कम. मिळणार काय होतं, तर थोडी रक्कम पण नक्की आणि लवकर. आता ती थोडी म्हणजे किती थोडी ते बघा. पगार कितीही असो, हिशोबाला धरायची मर्यादा आहे, २०१० पासून ती ८,००० होती, जानेवारी २०२० मध्ये १५,००० केली. तीस वर्षांचा माणूस, पगार २५,०००, प्रेसखाली मेला. १५,००० चे निम्मे ७,५००, गुणिले कायद्यात त्या वयासाठी दिलेला आकडा २०७.९८, झाले १५ लाख ५९ हजार ८५०. आता हाच माणूस, हाच पगार, घरात तिघं अवलंबून, पण कामाशी संबंध नसताना रस्त्यावर ट्रकच्या चुकीने गेला. मोटर अपघाताच्या ट्रिब्युनलमध्ये खरा पगार धरतात, पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च वजा, उरलेल्या वर्षाच्या कमाईला त्या वयाचा १७ चा गुणक, झाले ४७ लाख ६० हजार, किरकोळ बाबी वेगळ्या. तिथे ट्रकवाल्याची चूक दाखवावी लागते हे मान्य, पण म्हणून एक तृतीयांश? त्याची बायको तीच, पोरं तीच, घराचा हप्ता तोच. हा फरक मी कुणालाही समजावून सांगू शकत नाही कारण मलाच तो पटत नाही.

बोटांचं तर विचारूच नका. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. मघाच्याच तीस वर्षांच्या माणसाला, इजेत १५,००० च्या निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात त्या हिशोबाने, साधारण २ लाख ६२ हजार. दुखलं किती, झोप लागते का, पोराला उचलताना हात कसा वाटतो, याचा एक रुपया नाही.

बरं २१,००० पर्यंत पगार असला आणि युनिट ईएसआयमध्ये असलं तर वेगळाच मामला. तिथे उपचार आणि महिन्याला पेन्शन मिळते, चार बोटं गेली तर ५० टक्के धरून पगाराच्या साधारण ४५ टक्के, आयुष्यभर. हे चांगलं आहे, एकरकमी पैसे वर्षात संपतात, पेन्शन संपत नाही. पण ईएसआय असलं की भरपाईचा अर्ज पण बंद आणि मालकावरचा दिवाणी दावा पण बंद, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये एका प्लायवूड कारखान्याच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे मालकाने मुद्दाम सेन्सर बायपास करून ठेवला असेल तरी कामगार दमडी जास्त मागू शकत नाही. आणि बरेच ठेकेदार माणसाचं ईएसआय रजिस्ट्रेशन अपघात झाल्यावर त्याच दिवशी करतात. हे मी बघितलंय.

आता 'लवकर' चं काय झालं तेही सांगतो. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी, एप्रिल २००३ मध्ये मोटरसायकलवर कामाला जाताना कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. कमिशनरने सव्वातीन लाखांच्या आसपास भरपाई दिली. विमा कंपनी भांडत राहिली की हा ड्युटीवर नव्हताच. हायकोर्टाने घरच्यांच्या विरोधात निकाल दिला. सुप्रीम कोर्टाने भरपाई परत दिली ती जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं! आणि कायद्यात लिहिलंय केस तीन महिन्यांत संपवा. निकाल चांगला आहे, घर ते कामाची जागा हा प्रवास कामाशी जोडलेला असेल तर तो धरायचा असं आता पक्कं झालं, पण त्या घरातली पोरं एव्हाना मोठी झाली ना.

माझं मत सरळ आहे. चूक न विचारता भरपाई हा पाया अजिबात हलवू नका, टॉर्टवर सगळं सोडलं तर गरीब माणूस साक्षीदार शोधतच मरेल. पण पगाराची मर्यादा काढा. आणि गार्ड काढून, सेन्सर बंद करून प्रॉडक्शन घेतलं असं दिसत असेल तर भरपाईच्या वर दावा करायची मुभा द्या, ईएसआयवाल्यांनाही. इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारी इजा-लाभ पण मिळतो आणि मालकावर दावाही करता येतो, तिथले कारखाने काही त्यामुळे बंद पडले नाहीत. छोटे मालक म्हणतील आम्ही बुडू. मी त्यांचेच हिशोब करतो, त्यांची ओढाताण मला माहीत आहे, पण विमा त्यासाठीच असतो, आणि सेन्सर चालू ठेवायला जे लागतं ते प्रेसमधल्या एका डायच्या, म्हणजे साच्याच्या, खर्चापुढे काहीच नाही. आज बोट स्वस्त आहे म्हणून सेन्सर महाग वाटतो.

तोपर्यंत ज्यांच्या घरात कुणी मशिनवर आहे त्यांच्यासाठी. अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, 'बघू, शेठ करतील काहीतरी' यात ती घालवू नका. महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, तो मागा. 'माझा काही हक्क राहिला नाही' असं कुणी लिहून घेतलं असेल तर त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. आणि माणूस गेला असेल तर भरपाई कमिशनरकडेच जमा करावी लागते, तेराव्याला घरी येऊन बाईच्या हातात पाकीट दिलं आणि सही घेतली तर ती भरपाई दिली असं धरत नाहीत. पाकीट घेतलं असलं तरी अर्ज करता येतो.