'चार चाकं आहेत, पडेल कशी?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

किनाऱ्यावर फेरीसाठी भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीबद्दल, म्हणजे जाड टायरच्या, हँडलने चालवायच्या उघड्या चारचाकीबद्दल मी लिहिलं होतं, त्यात 'लेकरू पुढ्यात बसवून ही गाडी चालवू नका' असं ठासून सांगितलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ती रागाने लिहिलेली असली तरी मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार चाकांची गाडी पडेलच कशी? किनाऱ्यावर वेग जेमतेम पंधरा-वीसचा. तुम्ही वीस वर्षं बाईक चालवताय. नागावला सात वर्षांच्या मुलाला पुढे घेऊन तीन फेऱ्या मारल्यात, काही झालं नाही. आणि परदेशातले नियम इथे आणून मी गाड्या भाड्याने देणाऱ्या गावातल्या पोरांच्या पोटावर पाय देते आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'पैशासाठी हे लोक काहीही करतात' असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. या पोरांचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत, नंतर पावसात गाड्या ताडपत्रीखाली. खाऱ्या हवेने चेन, ब्रेक, बेअरिंग सगळं गंजतं, त्याचा खर्च वेगळा. 'पोराला पुढे घेऊ नका' म्हटलं की गिऱ्हाईक सरळ शेजारच्या गाडीकडे जातं. म्हणजे लेकराला पुढे बसवायचा हट्ट आपला, आणि मी बोल लावला त्यांना. त्याबद्दल मी त्यांची माफी मागते.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मला तुमचं पटत नाही.

न्यूझीलंडमध्ये वायकाटोला आम्ही दोघं चार वर्षं एका डेअरी फार्मवर होतो. तिथे एटीव्हीला क्वाड म्हणतात आणि पहाटे गायी आणण्यापासून कुंपण तपासण्यापर्यंत सगळं तिच्यावरच चालतं. मीही पुण्यात स्कूटरवर वाढलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी मलाही वाटलं की यात शिकायचं काय आहे. तिथला म्हातारा मुकादम मला म्हणाला होता, तुला दुचाकी येते हीच अडचण आहे, ती आधी विसर. मला तेव्हा ते बोलणं लागलं होतं. पुढे कळलं की त्याला काय म्हणायचं होतं.

बाईक डगमगली की आपण पाय टेकतो. विचार करून नाही, पाय आपोआप खाली जातो. एटीव्हीवर पाय खाली गेला की मागचं रुंद चाक त्याच पायावर चढतं आणि माणसाला खाली ओढतं. बाईकवर ॲक्सिलरेटर म्हणजे मूठ पिळायची. इथे अंगठ्याने खटका दाबायचा असतो, आणि घाबरून हँडल घट्ट आवळलं की नेमका तोच अंगठा दाबला जातो. वेग कमी व्हायला हवा त्या क्षणी गाडी उसळते.

आणि वळण. भाड्याच्या बहुतेक लहान एटीव्हींना मागे एकच सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा असतो; दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा कारसारखा डिफरन्शियल नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, पण दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात. त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचं ते अंगाने: सीटवर किंचित पुढे सरकायचं, धड वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचं आणि जोर बाहेरच्या पायावर द्यायचा. मग आतलं मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. ज्याला हे माहीत नाही तो सीटवर ताठ बसून हँडल आणखी मुरडतो. रेती भुसभुशीत असेल तर पुढचं चाक रुततं आणि गाडी कलंडते. त्यासाठी वेग लागत नाही.

आता तुमच्या मुलाला पुढ्यात बसवू या. तुम्हाला पुढे सरकता येत नाही, धड आत नेता येत नाही, हात पूर्ण वळत नाहीत, कारण मध्ये तो आहे. शिवाय गचका बसला की लहान मूल समोर जे असेल ते धरतं, आणि समोर हँडल असतं. दोघांचं वजन गाडीला जड होतं म्हणून मी बसवू नका म्हणत नाही. ज्या एका गोष्टीने ती सांभाळायची, ते तुमचं हलतं अंगच तुम्ही बांधून टाकता म्हणून म्हणते. मागे कुणाला बसवलं तर उलटा प्रकार होतो. भार मागच्या ॲक्सलवर जातो, पुढची चाकं हलकी पडतात आणि चढावर गाडी मागे उलथू शकते. सीट लांब दिसते, पण ती एकट्याला पुढेमागे सरकायला लांब केलेली असते.

वेगाबद्दल माझ्याच अंगावर बेतलेलं सांगते. तिसऱ्या वर्षी मी काटेरी गवतावर फवारणी करत होते, मागच्या रॅकवर टाकी, निम्मी रिकामी झालेली. आडव्या उतारावरून चालले होते, माणूस चालतो त्याच वेगाने. एक चाक ढेकळावर चढलं, टाकीतलं पाणी उताराच्या बाजूला हिंदकळलं आणि सगळी गाडी सावकाश, अगदी सावकाश माझ्यावर आली. मला उडी मारायला वेळ होता असं आजही वाटतं, पण मी हँडल धरूनच राहिले. तिचं वजन तीनशे किलोच्या आसपास. डावा पाय मांडीपर्यंत खाली दबला. रात्री पाऊस पडून गेला होता, जमीन मऊ होती, म्हणून हाड वाचलं. फोन छातीच्या खिशात होता म्हणून नवऱ्याला बोलावता आलं. फोन रॅकवरच्या पिशवीत ठेवायची माझी सवय होती, त्या दिवशी योगायोगाने खिशात राहिला होता. गाडी वीतभर वर, छातीवर आली असती तर गोष्ट वेगळी होती. अशा अपघातात पुष्कळदा माणूस मार लागून नाही, वजनाखाली श्वास घेता न आल्याने जातो.

'चार चाकं आहेत, पडेल कशी' या वाक्यालाही मोठा इतिहास आहे. एटीव्ही १९७०च्या सुमारास बाजारात आली ती तीन चाकांची. अमेरिकेत तिच्यावरून इतकी माणसं, विशेषतः मुलं, जखमी झाली आणि दगावली की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या न्यायालयीन करारानुसार कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवलं. सगळा दोष तिसऱ्या चाकाचा, चौथं आलं की झालं, असं पुष्कळांना वाटलं. गाड्या उलटायच्या थांबल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात शेतावर त्यांच्याखाली इतके लोक मेले की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे कामासाठीची नवी क्वाड विकायची तर मागे संरक्षक कमान असलीच पाहिजे असा नियम झाला. गाडी उलटली तरी कमानीमुळे माणसापुरती पोकळी राहावी, हा तिचा उपयोग. काही मोठ्या कंपन्यांनी कमान बसवण्यापेक्षा तिथे क्वाड विकणंच बंद केलं. आणि तिथले शेतकरीही तेव्हा हेच म्हणत होते, की आम्ही तीस वर्षं चालवतोय, शहरातल्यांनी आम्हाला शिकवू नये. तेव्हा हे परदेशी खूळ आहे असं मानू नका. गाडी आणि गुरुत्वाकर्षण वायकाटोत आणि नागावात सारखंच आहे.

उलट आपल्या किनाऱ्यावर काही गोष्टी जास्त नाजूक आहेत. पुळण समुद्राकडे उतरती असते. तुम्ही पाण्याला समांतर जाताय आणि एकदम जमिनीकडे वळलात, तर वळणाचा झोक समुद्राकडे फेकतो आणि उतारही समुद्राकडेच ओढतो. दोन्ही एकाच बाजूला. शिवाय ओल्या घट्ट रेतीवरून कोरड्या रेतीत शिरण्याची जागा नेमकी तिथेच येते. फेरी संपवून सुरूच्या झाडांकडे परतताना सगळे असेच वळतात, तेही थोड्या उत्साहात. तिथे वेग आधीच कमी करून मोठं वर्तुळ घ्या. ओहोटीला पाण्याने रेतीत कापलेले ओहळ असतात, त्यांची धार संध्याकाळच्या उन्हात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी मूळ लेखात लिहायची विसरले. ओढणी. मागची चेन आणि ॲक्सल बऱ्याच गाड्यांना उघडाच असतो. ओढणी, पदर, स्कार्फ, लांब मोकळे केस हे बसण्याआधी बांधून आत खोचा. चप्पलही नको, बूट हवेत.

आता तुम्हाला खरंच उपयोगी पडेल असं. बहुतेक लहान एटीव्हींना अंगठ्याच्या खटक्याजवळ एक स्क्रू असतो. तो आत पिळला की खटका पूर्ण दाबला जात नाही, वेगाला लगाम बसतो. भाड्याने देणाऱ्या पोराला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल. बऱ्याच गाड्यांना एक दोरीही असते, ती मनगटाला किंवा कमरेला अडकवली की माणूस पडताच इंजिन बंद पडतं. ती तुटून गेलेली असेल तर दुसरी गाडी घ्या. टायर अंगठ्याने दाबून बघा. यात हवा फार कमी लागते, साधारण तीन ते पाच पीएसआय, बाईकच्या मानाने काहीच नाही. पंक्चरच्या दुकानात सवयीने भरपूर भरली जाते आणि मग गाडी चेंडूसारखी उडते. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर ती एका बाजूला ओढते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लागतो का ते बघा. आणि फेरी सुरू करण्याआधी पाच-दहा मीटर जाऊन ब्रेक दाबून बघा, खाऱ्या पाण्याने ते कधी जातील सांगता येत नाही.

आणि तुमचा मुलगा. अमेरिकेत सहा वर्षांवरच्या मुलांसाठी जी लहान एटीव्ही बनते, तिचा वेग लगाम लावून ताशी १६ किलोमीटरच्या आत ठेवतात आणि लगाम काढला तरी २४ च्या वर जाऊ देत नाहीत. तुम्ही ज्याला 'जेमतेम पंधरा-वीस' म्हणालात, तो मुलाच्या मापाच्या गाडीचा, शिकवून झाल्यावरचा वेग आहे. त्याला हौस असेल तर लहान गाडी, सपाट मोकळी जागा, स्क्रू पूर्ण आत आणि तुम्ही शेजारून चालत. तशी सोय नसेल तर यंदा नाही. तीन फेऱ्यांत काही झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझ्याही आधीच्या दोन वर्षांत काही झालं नव्हतं.

मूळ लेखातलं 'पैशासाठी हे लोक काहीही करतात' हे वाक्य मी आज काढलं आहे. त्या जागी लिहिलं आहे: 'गाडीवाला नाही म्हणाला, तर त्याचं ऐका आणि भाडं त्यालाच द्या.'