बंबाला पंचवीस नळ्या, आणि त्या फॉरवर्डमधल्या थापा

परवा आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला, यावेळी हात जोडलेले इमोजी जास्त होते एवढाच फरक. ज्यांना अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छोट्या जेम्स वॅटने चहाच्या किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेच्या इंजिनाचा शोध लावला. मग जॉर्ज स्टीफन्सन नावाच्या अंगठेबहाद्दर खाणकामगाराने १८२५ मध्ये 'रॉकेट' हे जगातलं पहिलं रेल्वे इंजिन एकट्याने बनवलं. रुळांमधलं अंतर ठरलं ते रोमन रथाला जुंपलेल्या दोन घोड्यांच्या ढुंगणांवरून. भारतात पहिलं वाफेचं इंजिन धावलं १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे. आणि सगळ्यात शेवटी, 'बघा, डिग्री काय कामाची? जास्तीत जास्त शेअर करा.'

माझे आजोबा दौंडच्या लोको शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकून जाळ सांभाळणारे, होते, त्यामुळे इंजिनांबद्दल कुणी काहीही ठोकून दिलं की मला गप्प बसवत नाही. ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी 'सकाळी सकाळी वाद नको' म्हणून अंगठा दाखवला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

किटलीचं आधी उरकतो कारण त्यात फार दम नाही. वॅटचा जन्म १७३६ चा. डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी थॉमस न्यूकोमेन, त्याचं वाफेचं इंजिन १७१२ मध्येच इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होतं. म्हणजे वॅट जन्मायच्या चोवीस वर्षं आधी. वॅटने काय केलं तर ग्लासगो युनिव्हर्सिटीतलं न्यूकोमेन इंजिनाचं एक मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं आणि ते वाफ फार खातंय हे त्याच्या लक्षात आलं. त्या इंजिनात दर फेऱ्याला सिलिंडर वाफेने तापवायचा आणि मग आत गार पाणी मारून थंड करायचा, म्हणजे प्रत्येक भाकरीला तवा नळाखाली धरून परत तापवण्यासारखंच झालं. वॅट म्हणाला वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवा, सिलिंडर गरमच राहू दे. १७६५ ची कल्पना, १७६९ चं पेटंट. हे फार मोठं काम होतं, नाही कोण म्हणतंय, पण हा शोध दुरुस्तीच्या टेबलावर लागला, चुलीपाशी नाही. आणि गंमत म्हणजे रेल्वेला जी जास्त दाबाची वाफ लागते तिच्या वॅट साफ विरोधात होता, बॉयलर फुटून माणसं मरतील म्हणायचा. त्याची भीती खोटी नव्हती, पण त्याचं पेटंट १८०० साली संपलं तेव्हाच बाकीच्यांना हातपाय पसरता आले.

आता मुख्य थाप. पहिलं रेल्वे इंजिन स्टीफन्सनचं नाही. ते रिचर्ड ट्रेविथिकचं. हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, तिथल्या खाणींमध्ये वाढलेला धिप्पाड गडी. १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने कॅम्बोर्नच्या चढावर माणसं बसवून वाफेची गाडी साध्या रस्त्यावरून चालवून दाखवली, आणि मग चारच दिवसांत ती जळाली, कारण मंडळी गाडी उभी करून खाणावळीत हादडायला गेली आणि इकडे बॉयलरमधलं पाणी संपलं. आजोबांना ही गोष्ट फार आवडायची, ते म्हणायचे बघ, फायरमनने जागा सोडली की काय होतं.

खरा दिवस २१ फेब्रुवारी १८०४. साऊथ वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यातून ट्रेविथिकच्या इंजिनाने पाच वाघिणी, दहा टन लोखंड आणि वर चढून बसलेले सत्तरेक लोक असं सगळं ओढून नऊ मैलांहून जास्त नेलं. चार तास पाच मिनिटं लागली. त्यात वाटेत झाडं तोडायला आणि दगड बाजूला करायला थांबणं पण आलं. कारखान्याच्या मालकाने यावर ५०० गिनींची पैज लावली होती म्हणतात. तेव्हा जॉर्ज स्टीफन्सन तेवीस वर्षांचा पण नव्हता.

मग ट्रेविथिक पुढे का नाही गेला? कारण त्याचं इंजिन चाललं पण खालची वाट मोडली. ते इंजिन पाच टनांच्या आसपास होतं, आणि खाली ओतीव लोखंडाच्या पट्ट्या, घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी टाकलेल्या. ओतीव लोखंड म्हणजे कडक पण ठिसूळ, जुना बिडाचा तवा हातातून पडला की सरळ दोन तुकडे होतात ना, तसं. काड काड करत पट्ट्या तुटल्या. नंतर १८०८ मध्ये त्याने लंडनमध्ये गोल रूळ टाकून जत्रेतल्या पाळण्यासारखं तिकीट लावून इंजिन फिरवलं, तिथेही रूळच दगा देत होते. त्या फॉरवर्डमध्ये रुळांची फक्त रुंदी आहे, ते कशाचे होते याचा पत्ताच नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे.

'एकट्याने बनवलं' हे पण बघा. १८१२ मध्ये लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर ब्लेंकिन्सॉप आणि मरे या दोघांनी दातेरी चाकाचं इंजिन धंद्याला लावलं होतं, कारण गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर नुसतं घसरेल अशी बऱ्याच जणांची खात्री होती. मग विलियम हेडलीने वायलमच्या खाणीत एक गाडा बनवला, त्यावर माणसं चढवली, त्यांना हाताने दांडे फिरवायला लावून चाकं फिरवली, वजन कमीजास्त करत बघितलं की चाक कधी घसरतं आणि कधी पकड घेतं. साधासरळ प्रयोग. उत्तर आलं की वजन पुरेसं असेल तर दाते लागत नाहीत. त्याचं 'पफिंग बिली' आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, जगातलं सगळ्यात जुनं शिल्लक राहिलेलं रेल्वे इंजिन. हे सगळं चालू होतं कारण नेपोलियनच्या लढायांमुळे घोडे आणि त्यांचा दाणागोटा महाग झाला होता आणि खाणमालकांना परवडत नव्हतं. स्टीफन्सनचं पहिलं इंजिन 'ब्ल्युखर' आलं ते १८१४ मध्ये, किलिंगवर्थच्या खाणीत. आठ वाघिणी, ३० टन कोळसा, ताशी चार मैल. चांगलं होतं, पण रांगेत मागे होतं.

मग स्टीफन्सनचं मोठेपण कशात? मला विचाराल तर १८२१ च्या सुमाराला घेतलेल्या एका निर्णयात. त्याच्या स्वतःच्या नावावर ओतीव लोखंडाच्या रुळांचं पेटंट होतं, विलियम लॉश नावाच्या कारखानदारासोबत भागीदारीत. स्टॉक्टन-डार्लिंग्टन या इंग्लंडातल्या रेल्वे लाइनचं काम मिळालं तेव्हा आपलेच रूळ विकून तो गब्बर झाला असता. पण बेडलिंग्टनच्या कारखान्यात जॉन बर्किनशॉने लाटून काढलेले घडीव लोखंडाचे लांब रूळ त्याने पाहिले, १८२० चं पेटंट, आणि कंपनीला सांगून टाकलं की हेच घ्या, माझे नको. लॉश भडकला, संबंध तुटले, पण रूळ टिकले. ट्रेविथिकचं घोडं जिथे अडलं होतं ते इथे सुटलं. पण 'एका माणसाने स्वतःचा माल नाकारला' हे कोण फॉरवर्ड करणार.

आणि १८२५ मध्ये 'रॉकेट' नव्हतंच. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉक्टन-डार्लिंग्टनवर धावलं ते 'लोकोमोशन', स्टीफन्सन स्वतः चालवत होता. उद्घाटनाचा दिवस सोडला तर पुढे बरीच वर्षं तिथे प्रवाशांचा डबा घोडाच ओढायचा, वाफेवर मुख्यतः कोळसा जायचा. तिकीट काढून रुळावरून प्रवास तर त्याआधीच, १८०७ पासून, वेल्समध्ये स्वान्सीजवळ चालू होता, तोही घोड्यावर.

'रॉकेट' १८२९ चं. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीने ऑक्टोबरमध्ये रेनहिलला चाचणी लावली, बक्षीस ५०० पौंड, सुमारे दीड मैलाच्या पट्ट्यावर इंजिनाने माल ओढत पुन्हा पुन्हा ये-जा करायची. बघायला हजारो लोक जमलेले. एक स्पर्धक 'सायक्लोपेड' म्हणजे चक्क फिरत्या पट्ट्यावर चालून गाडी पळवणारा घोडा होता, हसू नका, खरंच उतरवला होता. 'नॉव्हेल्टी' लोकांची लाडकी होती, दिसायला देखणी आणि सुसाट, पण तिचे पाइप सारखे फुटले. टिमथी हॅकवर्थच्या 'सान्स परेल'चा सिलिंडर तडकला. पूर्ण चाचणी पार केली ती एकट्या 'रॉकेट'ने.

का, ते समजायला बंब आठवा. आमच्या गावच्या घरी तांब्याचा होता, मधून जाड नळी, तिच्यात खालून ढलप्या सारायच्या, जाळ नळीतून वर जातो आणि भोवतीचं पाणी तापतं. जुनी इंजिनं म्हणजे आडवा केलेला बंबच, एक जाड नळी, फार तर तिला एक वळसा. निम्मी ऊब धुराड्यातून वाया. 'रॉकेट'च्या बॉयलरमध्ये एका नळीच्या जागी तीन तीन इंची तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. पाणी तेवढंच, पण त्याला लागणारी तापलेली जागा कितीतरी जास्त, म्हणून वाफ धडाधड तयार व्हायची. वर वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडलेली, म्हणजे ती जाताना हवा ओढून घेते आणि जाळ आपोआप भडकतो, फुंकणीच समजा. आता ही पंचवीस नळ्यांची कल्पना कुणाची? हेन्री बूथची, जो इंजिनियर नव्हता, कंपनीचा सेक्रेटरी होता! फ्रान्समध्ये मार्क सेगाँ स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. आणि इंजिन प्रत्यक्ष डिझाइन करून न्यूकॅसलच्या कारखान्यात बांधून घेतलं ते जॉर्जच्या मुलाने, रॉबर्टने. मेसेजमध्ये बिचाऱ्या रॉबर्टचं नावच नाही.

आता डिग्री. जॉर्जला अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं, पण मग त्याने काय केलं? दिवसभर खाणीत काम करून रात्रीच्या शाळेत गेला. मुलाला न्यूकॅसलला चांगल्या शाळेत घातलं, पुढे एडिनबरो युनिव्हर्सिटीत पाठवलं. १८२५ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेला परवानगी देणाऱ्या बिलावर पार्लमेंटच्या कमिटीपुढे त्याची उलटतपासणी झाली, सर्व्हेतली उंचीची मापं चुकलेली निघाली, वकिलाने अक्षरशः सालटी काढली आणि बिल पडलं. शिक्षण नसलं की काय होतं ते त्याने भर सभेत भोगलं होतं, त्याच्या नावाने 'शिकू नका' कसलं सांगताय.

रोमन घोड्यांचं सोप्पं आहे. रुळांमधलं चार फूट साडेआठ इंच हे माप आलं इंग्लंडच्या ईशान्येकडच्या खाणींमधून, तिथल्या वाघिणी साधारण एकच घोडा ओढायचा, मग दोन ढुंगणं आणली कुठून? तेव्हा जवळपास प्रत्येक भागात वेगळं माप होतं. स्टीफन्सनने आपल्या खाणीतलं चार फूट आठ इंच उचललं, पुढे अर्धा इंच वाढवला. ब्रुनेल नावाच्या इंजिनियरने ग्रेट वेस्टर्न रेल्वेला सात फूट ठेवलं होतं, आणि १८४६ च्या कायद्यात स्टीफन्सनचं माप जिंकलं कारण त्या मापाची लाइन तोवर कितीतरी जास्त मैल पडली होती, रोमचा काय संबंध. आणि आपल्याकडे बघा ना, मुंबईची लोकल १६७६ मिलिमीटरवर, पुण्याची मेट्रो १४३५ वर, माथेरानची राणी ६१० वर. तिच्यासाठी काय, रोमन शेळ्या जुंपल्या होत्या का?

राहिलं ठाणं. १६ एप्रिल १८५३ ला साडेतीन वाजता, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, हे सगळं बरोबर आणि आपला अभिमानही बरोबर. पण ती भारतातली पहिली *प्रवासी* गाडी. वाफेचं इंजिन रुळावर त्याच्या आधी रुरकीला धावलं होतं, डिसेंबर १८५१ मध्ये, गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवर पूल बांधताना माती वाहायला. नाव 'थॉमसन'.

आणि एक राहिलंच. १८२७ मध्ये दक्षिण अमेरिकेत कार्ताहेनाच्या बंदरात रॉबर्ट स्टीफन्सनला एक फाटका, कफल्लक इंग्रज भेटला, पेरूच्या चांदीच्या खाणींपायी सगळं घालवून बसलेला. तो ट्रेविथिक होता. रॉबर्टने त्याला घरी परतायला ५० पौंड दिले. दोन वर्षांनी 'रॉकेट' जिंकलं, १८३३ मध्ये ट्रेविथिक डार्टफर्डला वारला, शेवटच्या कामावरच्या लोकांनी मिळून त्याला पुरलं, थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.