‘ॲझ्युअर एडी बंद झालं, आता व्हीपीएन काढून टाका’: या फॉरवर्डला उत्तर

आयटीवाल्यांच्या ग्रुपवर हा मजकूर अजून फिरतोय: “मायक्रोसॉफ्टने ॲझ्युअर एडी बंद केलं. सगळे युजर एन्ट्रामध्ये मायग्रेट करा. त्यात व्हीपीएन आणि फायरवॉल फुकट आहे, जुने बॉक्स काढून टाका.” ॲझ्युअर एडी म्हणजे कंपनीतल्या लोकांची खाती आणि लॉगिन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा. बॉक्स म्हणजे ऑफिसात बसवलेली व्हीपीएनची (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित रस्ता) आणि फायरवॉलची (नेटवर्कचा पहारेकरी) उपकरणं. या फॉरवर्डवर विसंबून कुणी खरंच बॉक्स काढला तर कंपनी उघडी पडेल, म्हणून लिहितोय.

‘ॲझ्युअर एडी बंद केलं.’ साफ चूक. जुलै 2023 मध्ये त्याचं नाव एन्ट्रा आयडी करायचं जाहीर झालं, एवढंच. टेनंट (त्या सेवेतली तुमच्या कंपनीची जागा) तोच, साइन-इनचा पत्ता तोच, नाव बदललं म्हणून पी1-पी2 या त्याच्या सशुल्क लायसन्सचे दरही वाढले नाहीत. ऑफिसातल्या सर्व्हरवरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी तर वेगळीच, तिचं नावही बदललेलं नाही.

‘युजर मायग्रेट करा.’ युजर जागचे हलत नाहीत. हलवायच्या त्या जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे खात्यांची कामं आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या फायली. एमएसऑनलाइन आणि ॲझ्युअरएडी ही पॉवरशेल मॉड्यूल्स 30 मार्च 2024 ला डेप्रिकेट झाली, म्हणजे मायक्रोसॉफ्टने ती मोडीत काढायचं ठरवलं. ते काम आता मायक्रोसॉफ्ट ग्राफ या नव्या इंटरफेसवर न्यावं लागतं. गल्लत बहुधा इथेच झाली असावी. नव्या माणसाचं खातं उघडणारी तुमची स्क्रिप्ट ‘कनेक्ट-एमएसओएलसर्व्हिस’ या एमएसऑनलाइनच्या कमांडने सुरू होत असेल, तर आधी ती हातात घ्या.

‘व्हीपीएन आणि फायरवॉल फुकट.’ सगळ्यात मोठा घोळ हाच. नाव बदलायचं जाहीर झालं त्याच वेळी एन्ट्राच्या प्रायव्हेट ॲक्सेस आणि इंटरनेट ॲक्सेस या दोन सेवाही जाहीर झाल्या. दोन्हींची मांडणी ग्लोबल सिक्युअर ॲक्सेसखाली होते आणि त्यांना पी1 च्या वर वेगळं लायसन्स लागतं.

प्रायव्हेट ॲक्सेस युजरच्या व्हीपीएनची जागा घेऊ शकतं, आणि माझ्या मते चांगली घेतं. आतल्या विंडोज सर्व्हरवर कनेक्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर बसतं. ते फक्त बाहेर जाणारं कनेक्शन उघडतं, त्यामुळे बाहेरून आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. लॅपटॉपवर त्याचा क्लायंट (जोडणी करणारं ॲप) टाकायचा. टॅली ज्या सर्व्हरवर आहे त्याचा 3389 पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा) फक्त अकाउंट्सच्या लोकांना, तोही एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख-तपासणी) झाल्यावरच, असं नेमकं देता येतं. मात्र क्विक ॲक्सेस या त्याच्या झटपट सेटिंगमध्ये अख्खा सबनेट (नेटवर्कचा पूर्ण पट्टा) टाकून तसाच सोडलात, तर जुन्या व्हीपीएनइतकंच दार सताड उघडं राहतं.

‘जुने बॉक्स काढून टाका.’ अजिबात नको. इंटरनेट ॲक्सेस तपासतं ते युजरकडून बाहेर जाणारा ट्रॅफिक. बाहेरून तुमच्या सर्व्हरवर येणारा ट्रॅफिक आणि व्हीलॅनमधली (ऑफिसच्या नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) वेगळेपणाची भिंत फायरवॉलच सांभाळतो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या डब्यावर) तर क्लायंटही बसत नाही. आणि व्हीपीएन बंद करण्याआधी निदान दोन सर्व्हरवर कनेक्टर टाका. एकच असेल तर तो सर्व्हर अपडेटसाठी रीस्टार्ट होईपर्यंत घरून काम करणारे सगळे बाहेर अडकतात.