डबकं बुजवण्याआधी आत वाकून बघा

जून उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान निघतं: पाणी साचलंय, ऑइल टाका, गप्पी मासे सोडा. डेंग्यूची भीती खोटी नाही, पण रोख भलतीकडेच आहे. डेंग्यूचा एडिस डास वाढतो तो कुंडीखालच्या बशीत, जुन्या टायरात, उघड्या पिंपात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी उपडी करा आणि आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

ओढ्याकाठचं, टेकडीवरच्या जुन्या खाणीतलं मातीचं डबकं मात्र वेगळं, तिथे बेडूक वाढतात. दोन-चार जोरदार सरी झाल्या की तिथे बघा. गवताला गुंडाळलेले पारदर्शक दोरे आणि त्यात ओवल्यासारखे काळे मणी दिसले, तर ती भेकाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची अंडी. आरपार दिसणारी पिल्लं पाण्यात जागच्या जागी तरंगत असतील, तर ती मायक्रोहायला या अंगठ्याच्या पेराएवढ्या बेडकाची. अंड्यापासून चार पायांचं पिल्लू जमिनीवर यायला जातीप्रमाणे तीन ते सहा आठवडे लागतात. त्या डबक्याला तेवढीच मुदत हवी असते. ऑगस्टमध्ये काय भराव घालायचा तो घाला. (न घातलात तर उत्तमच.)

ऑइलचा तवंग पसरला की डासांच्या अळ्या मरतात, पण त्याच अळ्या खाणारे पाणकिडेही गुदमरतात. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातो, आणि पूर आला की ओढ्यात जाऊन कायमचा ठाण मांडतो.

‘बेडूक डास खातात म्हणून वाचवा’ हा प्रचार मला अर्धवट वाटतो. मोठा बेडूक समोर सरपटेल ते गिळतो: भुंगेरे, नाकतोडे, वाळवी, अळ्या. पिल्लं शेवाळ आणि कुजका पाला खरवडतात. आणि या सगळ्यांवर दिवड, धामण, ढोकरी, घुबड जगतात. बेडूक गेला की ही अख्खी पंगत उठते.

बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्येच बंद केली. पण पुण्यात बेडूक पकडून संपत नाहीये, त्याची जागा बुजतेय. ओढ्याला दोन्ही बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत घातली की पाणी वेगाने धावतं आणि अंडी वाहून जातात. पाण्यात उतरलेल्या भेकाला परत वर चढता येत नाही. काठ उतरता आणि मातीचा ठेवला तर दोन्ही प्रश्न सुटतात, पण टेंडरमध्ये मातीला कोण विचारतो?

सोसायटीत करण्यासारखं बरंच आहे. पाण्याच्या चेंबरवर बारीक जाळी बसवा. उघड्या टाकीत खडबडीत फळी किंवा काथ्याचा दोर तिरका सोडा, म्हणजे पडलेला बेडूक चढून येईल. बागेच्या कडेचे दगड सलग लावू नका, मध्ये वीतभर फट ठेवा. नुकतं पाण्याबाहेर आलेलं भेकाचं पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं, त्याला सहा इंचांची कड ओलांडता येत नाही. बेडूक हाकलायला मीठ अजिबात टाकू नका. तो कातडीतूनच पाणी घेतो, त्यामुळे मिठाने अंगातलं पाणी खेचलं जाऊन तडफडतो. उचलायचाच असेल तर हात साध्या पाण्याने ओले करा. साबण किंवा सॅनिटायझर लागलेला हात नको. आणि भेकाला हात लावल्यावर डोळे चोळू नका, हात धुऊन घ्या. त्याच्या कानामागच्या गाठींतला चीक चांगलाच झोंबतो.